शब्दांचा सातबारा

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दारात आकाशकंदील लागलेला असेल आणि बशीत शंकरपाळ्यांचा ढीग असेल. या सदरात आपण शब्दांची कुळे शोधत आलो आहोत. तेव्हा या खेपेला सुरुवात या दोघांपासूनच करू. आकाशकंदिलातले ‘आकाश’ संस्कृत. ‘कंदील’ मात्र अरबी, आणि अरबांकडेही तो ग्रीकांच्या हातून, मुळात लॅटिनमधून आलेला. इंग्रजीतली ‘कँडल’ ही त्याची चुलत बहीण. शंकरपाळ्याचा तर शंकराशी काडीचाही संबंध नाही. फारशीतला ‘शकरपारा’, म्हणजे साखरेचा तुकडा, आपल्या माजघरात शिरला आणि देवाचे नाव घेऊन बसला. आता त्याला बाहेरचा म्हणायची कोणाची छाती आहे?

असे पाहुणे घरात येतात कसे, आणि आल्यावर घरचे होतात कसे, याचे जगातले सर्वांत अभ्यासलेले उदाहरण इंग्लंडचे आहे. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम जिंकला आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी त्याने इंग्लंडचा मुकुट डोक्यावर ठेवला. गंमत अशी की, ज्या फ्रेंच भाषेचा शिक्का या नॉर्मन मंडळींनी इंग्लंडवर उमटवला, ती त्यांचीही मूळची नव्हे. ते उत्तरेकडचे दर्यावर्दी. ९११ मध्ये फ्रान्सच्या राजाने त्यांच्या पुढाऱ्याला सीन नदीच्या मुखाजवळचा मुलूख दिला, आणि चार-दोन पिढ्यांत ते आपली बोली विसरून फ्रेंच झाले. उसनी भाषा घेऊन ते इंग्लंडात आले आणि तिथे तीच राजभाषा ठरली.

मग काय झाले? न्यायाधीश, पंच, तुरुंग, गुन्हा, कर, सरकार यांचे इंग्रजी शब्द फ्रेंचमधून आले. ‘जज’, ‘ज्युरी’, ‘प्रिझन’, ‘क्राइम’, ‘टॅक्स’, ‘गव्हर्नमेंट’ हे सारे त्या वाटेने आलेले. गाय, मेंढी, डुक्कर हे प्राणी गोठ्यात असेपर्यंत ‘काउ’, ‘शीप’, ‘पिग’, म्हणजे अस्सल इंग्रजी. पण साहेबांच्या ताटात पडले की ‘बीफ’, ‘मटन’, ‘पोर्क’, म्हणजे फ्रेंच. सर वॉल्टर स्कॉटने १८१९ च्या आपल्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीत एका विदूषकाच्या तोंडी ही गोष्ट घातली आणि ती जगभर झाली. ही वाटणी पक्की व्हायला पुढे कित्येक शतके लागली असे अभ्यासक म्हणतात. तरी राखणाऱ्याचा शब्द एक आणि खाणाऱ्याचा दुसरा, हे त्यातले मर्म खोटे नाही.

आता विलायतेहून परत आपल्या गावी येऊ. मी राहतो ते देवळाली प्रवरा हे नगर जिल्ह्यातल्या, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, राहुरी तालुक्यातले गाव. नाशिकची देवळाली वेगळी; ही प्रवरेची. या प्रवरेच्या काठाने पूर्वेकडे गेले की नेवासे लागते. तिथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्या ग्रंथात फारशी शब्द शोधू गेलात तर डोळे शिणतील. देवळालीहून उलट दक्षिणेची वाट धरली की नगर लागते. तिथल्या निजामशाहीचा आरंभ १४९० चा. म्हणजे ज्ञानेश्वरीनंतर बरोबर दोनशे वर्षांनी याच मुलखात फारशीत फर्माने काढणारा दरबार उभा राहिला. आणि नॉर्मनांसारखीच इथेही गंमत आहे. या घराण्याचा मूळ पुरुष जन्माने ब्राह्मण होता, असे फेरिश्ता हा इतिहासकार लिहून गेला आहे. फारशी ही त्याचीही आईच्या मांडीवरची भाषा नव्हती.

या दोनशे-तीनशे वर्षांत आमच्या शेतकऱ्याच्या तोंडी काय बदलले, ते पाहा. नांगर, कुळव, पाभर, मोट, पेरणी, खुरपणी, मळणी, कणीस यांपैकी एकाही शब्दाला दरबाराचा वारा लागलेला नाही. पण हाच शेतकरी बांधावरून उठून चावडीकडे निघाला की भाषा पालटते. महसूल, तालुका, जिल्हा, तहसीलदार, अर्ज, दाखला, नक्कल, शिक्का, वारस, हरकत, मुदत हे सगळे अरबी-फारशी. तो कसतो ते ‘शेत’, संस्कृत ‘क्षेत्रा’चा वंशज. त्याच शेताची सरकारदरबारी नोंद झाली की ती ‘जमीन’. ‘मळा’ आपला, पण सारा ठरवणाऱ्याच्या वहीत तो ‘बागायत’. कोरडवाहू रान ‘जिरायत’. एवढेच काय, ‘खरीप’ म्हणजे अरबीत शरद ऋतू आणि ‘रब्बी’ म्हणजे वसंत. आमच्या पिकांच्या हंगामांना आज जी नावे आहेत, तीसुद्धा महसुलाच्या वहीतूनच रानात उतरली. गोठा आणि ताट यांच्यामध्ये इंग्लंडात जी रेघ पडली, तीच इथे बांध आणि चावडी यांच्यामध्ये पडली.

एक रेघ मात्र दोन्हीकडे पुसली गेली नाही. गावपातळीवरचे अधिकारी जुन्याच नावाचे राहिले. इंग्लंडात न्यायाधीश फ्रेंच झाला, पण परगण्याचा ‘शेरीफ’ अस्सल इंग्रजीच उरला. आपल्याकडे वर सुभेदार, हवालदार, मामलेदार आले. खाली पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे जागचे हलले नाहीत. कारण उघड आहे. नवा राजा राजवाडा जिंकतो. पण कुठल्या रानात काय पिकते हे त्याला जुन्याच माणसाला विचारावे लागते. तरी फरकही मोठा आहे. विल्यमने १०८६ मध्ये साऱ्या राज्याची मोजदाद करवून लॅटिनमध्ये ग्रंथ तयार केला, तो ‘डूम्सडे बुक’. त्यात पाहावे तर मोठे इंग्रज जमीनदार जवळजवळ नाहीसे झालेले आहेत. त्यांच्या जमिनी नॉर्मनांच्या घशात गेल्या आहेत. दख्खनमध्ये वतनदार टिकले, म्हणून गावचा दप्तरी व्यवहार मोडी लिपीत, मराठीतच चालू राहिला.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. परके शब्द तलवारीच्या टोकाने तोंडात कोंबले जातात, असा आपला समज असतो. तसे होत नाही. इंग्रजीत मध्ययुगात सुमारे दहा हजार फ्रेंच शब्द आले. पण त्यांचा मोठा लोंढा विल्यमच्या काळात आला नाही. तो आला १२५० नंतर, म्हणजे १२०४ मध्ये नॉर्मंडी हातची गेल्यावर, जेव्हा सरदारांचीच नातवंडे-पणतवंडे फ्रेंच विसरून इंग्रजी बोलू लागली होती तेव्हा. इंग्रजी बोलताना नेमका शब्द सुचेना, म्हणून ते सवयीचा फ्रेंच शब्द तसाच ठेवून देत. आपल्याकडेही फारशी शब्द मराठीत आणले ते बादशहाने नव्हे. ते आणले लेखणी कानावर अडकवून बसणाऱ्या आमच्याच कारकुनाने. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस ही आडनावे आजही त्याची साक्ष देतात. त्यांच्या शेवटी बसलेला ‘नीस’ म्हणजे फारशी ‘नवीस’, लिहिणारा.

आणि कारकुनामागून संत आले. एकनाथमहाराजांचे गुरू जनार्दनस्वामी निजामशाहीच्या चाकरीत देवगिरीचे किल्लेदार होते. नाथांनी एकीकडे १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि दुसरीकडे ‘अर्जदस्त’ लिहिला. जीवाने देवाच्या दरबारी सरकारी थाटात केलेला तो अर्ज आहे, आणि तो फारशी शब्दांनी खच्चून भरलेला आहे. ज्ञानेश्वरी शुद्ध करणाऱ्या हातालाच हा अर्ज लिहिताना विटाळ झाला नाही. कारण समोर बसलेल्या बायाबापड्यांना चावडीवरचे हे शब्द चांगलेच ओळखीचे होते.

भाषेनेही मग शहाण्या सासूसारखे वागून जुन्या आणि नव्या सुनेला एकाच घरात नांदवले. कागदपत्र, धनदौलत, लाजशरम, रीतिरिवाज, बाजारहाट या जोड्या पाहा. एक शब्द आपला, एक पाहुणा. अर्थ दोघांचा जवळजवळ एकच. इंग्रज वकील मृत्युपत्राला ‘विल अँड टेस्टामेंट’ म्हणतो, तेही याच चालीवर. पहिला शब्द घरचा, दुसरा बाहेरून आलेला. कोणत्या पक्षकाराला कोणता कळेल याचा नेम नाही, म्हणून दोन्ही ठेवावेत! आणि ‘बद्दल’, ‘बाबत’, ‘शिवाय’, ‘खेरीज’ हे तर वाक्याचे सांधे. तेही तिकडचेच. एवढे असूनही मराठीचा कणा वाकला नाही. ‘अर्जाला’, ‘अर्जाचा’, ‘अर्जात’ असे म्हणताना शब्द त्यांचा, पण प्रत्यय आपलाच.

शिवछत्रपतींनी ही अवस्था ओळखली. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास त्यांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोशाचे काम झाले. पेशव्याला मुख्य प्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव, डबिराला सुमंत, सरनौबताला सेनापती अशी नावे मिळाली. अभ्यासकांनी त्या काळच्या सरकारी कागदांतले शब्द मोजले आहेत. १६३० च्या सुमारास शंभरांत चौदा-पंधराच शब्द मराठी-संस्कृत वळणाचे होते; १६७७ पर्यंत ते बासष्टच्या आसपास गेले. स्वराज्याला स्वतःचे तोंड हवे, ही त्यामागची जाणीव थोर होती, यात शंका नाही.

पण इतिहासाला विनोदबुद्धी असते. पुढे ज्या घराण्याने पुण्यात बसून हिंदुस्थानचे राजकारण हलवले, त्याला जग कोणत्या नावाने ओळखते? ‘मुख्य प्रधान’ दप्तरात राहिला आणि ‘पेशवा’ लोकांच्या जिभेवर. दुसरी गंमत अशी की, कोश झाला तो संस्कृत पद्यात. फारशी न कळणाऱ्या कुणब्याला संस्कृत तरी कुठे कळत होते? इंग्लंडातही हाच प्रकार. १३६२ मध्ये तिथे कायदा झाला, की कोर्टातले वाद इंग्रजीत चालावेत. कारण आपल्या बाजूने काय बोलले जाते आणि विरुद्ध काय, हे लोकांना कळत नाही. कारण अगदी रास्त. पण तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिला होता! कायद्याच्या दप्तरातून लॅटिन आणि फ्रेंच पुरते हटवायला १७३३ साल उजाडावे लागले.

हे सारे जुने झाले, असे म्हणून अंक मिटू नका. मागल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एक मावशी एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांचे मालक वर्षापूर्वी वारले. दोन एकर रान, दोन दीर. कागद जमिनीच्या नोंदीबद्दलची नोटीस होती. तिच्यात लिहिले होते, की हितसंबंधितांनी आपले आक्षेप विहित कालावधीत सादर करावेत. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या; अक्षर लावून वाचता येते. त्यांनी दोनदा वाचले होते, आणि कोणीतरी आपल्यावर आक्षेप घेतला आहे असे समजून दोन रात्री झोपल्या नव्हत्या.

मी म्हटले, “मावशी, एवढंच आहे, की तुमची काही हरकत असेल तर मुदतीच्या आत कळवा.”

त्यांनी कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. “म्हंजे हरकत घ्यायची व्हय? मग सर, तसं लिहायला काय झालं व्हतं?”

हरकत अरबी, मुदत अरबी. आक्षेप संस्कृत, विहित संस्कृत. कुळाने पाहिले तर मावशींना कळले ते परके आणि न कळले ते आपले. पंधरा दिवसांच्या मुदतीतले पाच दिवस त्या कागदाची घडी कमरेला खोचण्यात गेले होते. अजून चार-आठ दिवस तसेच जाते, तर दोन एकरांचे काय झाले असते, ते सांगायला भाषाशास्त्र नको. हरकत वेळेत नोंदवली गेली, एवढे मात्र सांगतो.

म्हणजे नवे शब्द घडवूच नयेत काय? तसे मी म्हणणार नाही. फारशी-मराठी कोश १९२५ मध्ये सिद्ध करणारे माधव जूलियनच पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले, ते काही अज्ञानातून नव्हे. राज्यस्थापनेनंतर १९६२ मध्ये शासनाचा पदनामकोश निघाला, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याची यथेच्छ थट्टा झाली. पण संचालक, आयुक्त, अधीक्षक हे शब्द आज कोणाला अडखळवत नाहीत. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्याची भाषा झाली, हा आपला अभिमानच आहे. प्रश्न एवढाच, की ती कोणाची मराठी? नॉर्मनांची फ्रेंच, बादशहाची फारशी आणि आजची काही सरकारी मराठी यांत मावशींच्या दृष्टीने फरक काय? तिन्ही भाषा उंबऱ्याच्या आतल्यांना कळतात आणि बाहेर उभा असलेला माणूस नुसता अंगठा टेकवतो.

माझ्यापुरता मी एक न्याय ठरवला आहे, आणि तो आमच्या शेतकऱ्यांनीच शिकवला आहे. सातबाऱ्यात दोन नमुने असतात. ‘सात’ सांगतो हक्क कोणाचा; ‘बारा’ सांगतो पीक काय. नुसत्या ‘सात’वर बसून रान पिकत नाही. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, तो ‘कसेल त्याची जमीन’ याच तत्त्वावर. शब्दांनाही हाच कायदा लावावा. पाचशे वर्षे ज्या जिभेने ‘हरकत’ कसली, तिच्या नावे ती एव्हाना झालेली आहे. आणि उद्या ‘आक्षेप’ही कोणी रोजच्या बोलण्यात पेरला, राखला, मळला तर तोही तिचाच होईल. तोवर सरकारी नोटीस लिहिणाऱ्याने, आणि आम्हां मराठीच्या प्राध्यापकांनीही, कागद खाली ठेवण्यापूर्वी तो एकदा अशा एखाद्या मावशीला वाचून दाखवावा. तिला कळला तर भाषा शुद्ध आहे, असे खुशाल समजावे.