संरक्षण कोणाचे? देवाचे की अहंकाराचे?

देवस्थानच्या वार्षिक सभेत एखादा तरुण महाजन जमाखर्चाविषयी सरळ प्रश्न विचारतो. त्यास उत्तर मिळते, "तुला कोणी पाठविले? आज हिशेब मागतोस, उद्या देवालाच हात घालशील!" सभा गप्प होते, प्रश्न इतिवृत्तात नोंदलाही जात नाही, आणि आम्ही सारे धर्मरक्षण केल्याच्या समाधानात प्रसाद घेऊन घरी परततो. हे धर्मरक्षण नव्हे. हे केवळ आमच्या मनाचे स्वसंरक्षण होय, असे आम्हांस स्पष्ट सांगावेसे वाटते.

मनाच्या या स्वसंरक्षणाचा विषय सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ साली मांडला. त्यांच्या कन्या ॲना फ्रॉइड यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात मनाच्या या युक्त्यांचे पद्धतशीर विवेचन केले. नको असलेले सत्य समोर असूनही ते नाहीच असे मानणे, हा नकार. आपल्या मनातील दोष दुसऱ्याच्या माथी मारणे, हे प्रक्षेपण. केलेल्या कृतीस मागाहून उदात्त कारण चिकटविणे, हे समर्थन. सभेतल्या त्या एका उत्तरात हे तिन्ही आहेत. हिशेबाचा प्रश्न जणू विचारलाच गेला नाही. मनातला संशय आमचा, पण दुष्ट हेतूचा डाग त्या तरुणाच्या कपाळी. आणि या साऱ्याला नाव मात्र देवाचे!

कोणी म्हणेल, सावध राहिल्यानेच पूर्वजांनी देव राखले. हे अगदी खरे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्ता देवळे पाडू लागली, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास नेण्यात आली. कारण अंत्रुज महाल त्या वेळी पोर्तुगीज अंमलाबाहेर होता. परंतु त्या पूर्वजांनी संकट नाकारले नाही. उघड्या डोळ्यांनी ते ओळखले, आणि म्हणूनच देव वाचले. बाहेरचा शत्रू ओळखणे निराळे आणि मनातल्या भीतीसाठी बाहेर शत्रू कल्पिणे निराळे. ती परकी सत्ता १९६१ साली गेली. प्रश्न विचारणारा तरुण तर आमच्याच कुळातला, त्याच कुलदेवतेपुढे माथा टेकणारा!

या दोषातून आम्हीही मुक्त नाही. टीकेचे पत्र हाती पडले की आम्हांसही प्रथम लिहिणाऱ्याचा हेतूच आठवतो, मुद्दा नव्हे. आमच्या परंपरेने षड्रिपू मोजले ते सारे माणसाच्या आत. त्यांतला मद देवळाच्या पायरीशी चपलांबरोबर आपोआप उतरत नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच: येत्या सभेत प्रश्न आला तर तो प्रथम इतिवृत्तात नोंदवावा. राग आला असेल तर उत्तर दुसऱ्या दिवशी द्यावे. पण लेखी द्यावे, आणि आकड्यांसह द्यावे. अपमान होऊन परतलेला तरुण पुन्हा सभेस येत नाही, आणि पुढे जत्रेसही येत नाही. देवास हिशेबाचे भय नाही. ते भय आमचे आहे, आणि ते देवाच्या नावावर मांडणे आता पुरे झाले.