महागाईला काटकसर हे उत्तर नव्हे : मुंबईच्या किराण्याची शंभर वर्षे

१/ भाव चढले की गृहिणीला काटकसरीचे धडे देणाऱ्यांची संख्याही चढते. यादी करा, डाळ बेताने घाला, तेल मोजून वापरा. या उपदेशामागे एक गृहीतक असते : तुटीचे मूळ बाजारात नसून स्वयंपाकघरात आहे. मुंबईच्या किराण्याचा इतिहास या गृहीतकाला दुजोरा देत नाही. (थ्रेड)

२/ आरंभ गिरणगावापासून. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. घरखर्चाचा निम्म्याहून अधिक भाग अन्नावरच जात होता.

३/ एवढे खर्चून पोट भरत होते का? कामगाराच्या वाट्याचे धान्य मुंबईच्या तुरुंगात कैद्याला ठरवून दिलेल्या शिध्याहून कमी भरते, असे सरकारच्याच अहवालाने नोंदवले. अशा घराला काटकसर शिकवायची म्हणजे नेमके काय शिकवायचे?

४/ त्यात पगार महिन्याने, आणि तोही पुढच्या महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटल्यावर. तोवर चूल पेटायची ती वाण्याच्या वहीवर. पाहणीतील ४७ टक्के कुटुंबे कर्जबाजारी होती. व्याजाचा रूढ दर रुपयामागे दरमहा एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के.

५/ उधारीचा खरा जाच व्याजापुरता नसतो. ज्याचे नाव वहीत आहे त्याला दुकान बदलता येत नाही, भावावर घासाघीस करता येत नाही, माप कमी भरले तरी तोंड उघडता येत नाही. गरिबाला तीच वस्तू महाग पडते ती अशी.

६/ १९४३ मध्ये, महायुद्धाच्या काळात, मुंबईत रेशनिंग लागू झाले. रांगा लांब होत्या, धान्याच्या प्रतीविषयी तक्रारी होत्या. तरीही शिधापत्रिकेने एक तत्त्व व्यवहारात आणले : घरात किती धान्य यावे आणि कोणत्या भावाने यावे, हा सार्वजनिक प्रश्न आहे.

७/ १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत ग्राहकांची सहकारी संस्था उभी राहिली. तीच पुढे ‘अपना बाजार’ या नावाने घरोघरी पोहोचली. विचार साधा होता : गिऱ्हाईकच दुकानाचा मालक असेल, तर मापात पाप करून तो फसवणार कोणाला?

८/ मग १९७२ चा दुष्काळ आला. तेल, साखर, रॉकेल मिळेनासे झाले. मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी : एरवी वेगवेगळ्या झेंड्यांखाली चालणाऱ्या स्त्रिया एकत्र आल्या.

९/ हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन निघालेले ते मोर्चे अनेकदा गमतीदार आठवण म्हणून सांगितले जातात. तो अन्याय आहे. घरखर्चाचा ताळमेळ बसत नाही याची लाज आजवर घरातच गिळली जात होती. ती लाज या स्त्रियांनी सत्ताधाऱ्यांच्या दारात नेऊन ठेवली.

१०/ १९७५ मध्ये बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारची कुटुंबे गट करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, माल घाऊक खरेदी होऊन गटाकडे येतो आणि आपसात वाटला जातो. ना दुकान, ना जाहिरात. बचत होते ती पोट मारून नव्हे, मधले खर्च टळल्याने.

११/ या वाटेच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. महिन्याची यादी आधी करायला महिन्याची मिळकत निश्चित लागते, डबे ठेवायला जागा लागते. रोजंदारीवरचे घर रोज पावशेर तेल आणते ते अडाण्यासारखे नव्हे. हातात तेवढेच पैसे असतात. शिवाय माल निवडण्या-वाटण्याचे बिनमोल श्रम बहुतांशी स्त्रियांनीच वाहिले.

१२/ म्हणूनच सहकारी खरेदी रेशनला पर्याय ठरत नाही आणि रेशन मोर्चाला पर्याय ठरत नाही. जिथे रोख पैसा होता तिथे सहकार उपयोगी पडला, जिथे तो नव्हता तिथे सरकारी दुकान, आणि जिथे दोन्ही थकले तिथे रस्ता.

१३/ आज किराणा दहा मिनिटांत दारात येतो, पण प्रत्येक घर आपापल्या पडद्यासमोर एकटे असते. शेजारणीने तीच तूरडाळ काय भावाने घेतली, हे विचारण्याचेही निमित्त उरलेले नाही. सवलत मिळते, सौदा करण्याची ताकद मात्र जाते.

१४/ काटकसर मराठी घराला नवी नाही. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा कोणी शिकवावा लागला नाही. शंभर वर्षांत किराणा जेव्हा जेव्हा आवाक्यात आला, तेव्हा त्यामागे कोणा एका गृहिणीची हुशारी नव्हती. अनेक घरांनी मिळून भाव विचारला होता.