वहीतला हिशेब संगणकावर आणताना

भिवंडीतल्या यंत्रमागाचा हिशेब वरून दिसतो तेवढा साधा नसतो. व्यापाऱ्याचे सूत किती किलो आले, बीम किती भरले, कोणत्या मागावर किती ताके निघाले, घट किती गेली, कारागिराची मजुरी किती झाली. अब्बांच्या वहीतले हे सारे संगणकावर आणायचे म्हटले की घरातली शिकलेली मुले आम्हाला विचारतात, फ्रेमवर्क कोणते घ्यावे?

फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. लॉगिन, फॉर्म, नोंदी साठवणे ही नेहमीची कामे त्यात बरीचशी आयती मिळतात. पीएचपी येत असेल तर लारावेल घ्या; त्याला होस्टिंग स्वस्तात मिळते. पायथन येत असेल तर जँगो. २००५ मध्ये खुले झालेले हे फ्रेमवर्क अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडले. नोंदींचा पडदा त्यात तयार मिळतो, म्हणून छोट्या कारखान्याला आम्ही तेच सुचवू. रिअ‍ॅक्टने देखणे पडदे होतात, पण मागची बाजू वेगळी बांधावी लागते.

मुंबईत घडलेले फ्रॅपे आणि त्यावरचे ईआरपीनेक्स्ट हेही पाहावे. साठा, खरेदी-विक्री, खाती तयार आहेत आणि परवान्याचे पैसे नाहीत. ताक्यामागे मजुरीची आपली रीत मात्र बसवून घ्यावी लागते.

खरी अडचण पुढे येते. बांधणारा मुलगा नोकरीसाठी दुबईला गेला, तर दुरुस्ती कोण करणार? म्हणून गावात आणखी दोघांना येणारेच फ्रेमवर्क निवडा, कोड आणि डेटा आपल्या ताब्यात ठेवा, आणि पहिले सहा महिने वहीही लिहीत राहा.