वऱ्हाडातले घरचे चर्च

ऑक्टोबर उजाडला की वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड सुरू होते. कॅथलिक पंचांगात हाच महिना जपमाळेचा मानला जातो. दिवसभर बागेत राबून आलेल्या कुटुंबाने रात्री एकत्र बसून माळ जपावी, ही अपेक्षा कागदावर सोपी वाटते. तोडीच्या हंगामात ती तशी नसते.

वसईत कॅथलिकांची गावेच्या गावे आहेत, चर्चची घंटा घरात ऐकू येते. वऱ्हाडात तसे नाही. अमरावती हा स्वतंत्र धर्मप्रांत १९५५ मध्ये झाला खरा, परंतु येथील कॅथलिक कुटुंबे थोडी आणि विखुरलेली. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी होती आणि तिचा मोठा भाग मुंबई, ठाणे, पुणे परिसरात. अशा स्थितीत श्रद्धेचा भार धर्मगुरूंपेक्षा घरातल्या आई-आजीवरच अधिक पडतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला ‘घरचे चर्च’ म्हटले. वसईत ते रूपक ठरेल. चर्चपासून दूर राहणाऱ्या कुटुंबाची ती रोजची गरज आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या कुटुंबविषयक पत्रात घर टिकवणारे तीन शब्द सांगितले: परवानगी, आभार, क्षमा. मराठी घराला हा उपदेश किंचित अवघडच जातो. भाकरी वाढणाऱ्या आईला ‘धन्यवाद’ म्हटले तर ती दचकेल. ‘कृपया’ हा शब्द तर सरकारी फलकावरचा. वऱ्हाडी माणसाची क्षमायाचना बहुधा ‘चल, जेवून घे’ एवढ्यातच उरकते. त्यात माया असते, पण चुकीची कबुली राहून जाते, आणि सुनेच्या किंवा बायकोच्या वाट्याला ती क्वचितच येते. पोपच्या सूचनेचे मोल येथे आहे. प्रार्थनेत देवापुढे रोज क्षमा मागणाऱ्या घरात माणसाने माणसाची क्षमा मागणे इतके कठीण का व्हावे?

सामूहिक प्रार्थना या मातीला परकी नाही. तुकडोजी महाराजांनी याच जिल्ह्यातील मोझरीच्या गुरुकुंजातून ती गावोगाव पोचवली. सायंकाळी एकत्र बसण्याचा हा संस्कार शेजारच्या कॅथलिक घराला सहज ओळखीचा वाटावा. दोन्हीकडे तो क्षीण होत चालला आहे. दूरचित्रवाणीने वेळ खाल्ला, मोबाइलने उरलेला.

भाषेचा पेच मात्र कॅथलिक कुटुंबाचा स्वतःचा. व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेतील उपासनेला वाट मोकळी केली आणि मराठीतून मिस्सा रुजली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने ओघवते मराठी दिले. तरीही इंग्रजी शाळेत शिकणारे मूल प्रार्थना इंग्रजीतच पाठ करते आणि आजीची मराठी माळ त्याला ऐकू येते, म्हणता येत नाही. पुढे ते शिक्षणासाठी पुण्या-नागपूरला गेले की तिथली मिस्साही इंग्रजी असू शकते.

पोपची अपेक्षा वास्तविक माफक होती: रोज काही मिनिटे आणि साधे शब्द. जपमाळेची पाचही दशके पूर्ण करण्याचा हट्ट धरण्यापेक्षा जेवणाआधी एकच दशक, तेही आजीच्या भाषेत, एवढे अनेक घरांना जमण्यासारखे आहे. तोडीच्या दिवसांत मात्र तेही संत्र्याची गाडी किती वाजता भरून निघते, यावर ठरते.