ग्रह फोडणारे गिरमिट आणि ६१० क्रमांकाची टाकी

आमचा एक वर्गमित्र सध्या विज्ञानकथा लिहीत आहे. तिच्यातील खलनायक एका अजस्र गिरमिटाने ग्रहाच्या गाभ्यापर्यंत भोक पाडतो आणि ग्रह नारळासारखा फुटतो. यंत्राला ‘विंधनास्त्र’ असे भारदस्त नावही दिले आहे. “याची रचना कशी असावी?” असा प्रश्न त्याने आम्हा मित्रांपुढे टाकला. त्या चर्चेतून जे सुचले ते येथे मांडतो.

पृथ्वीला भोक पाडण्याची कल्पना तशी जुनीच. कॉनन डॉइलच्या प्रोफेसर चॅलेंजरने १९२८ सालच्या एका कथेत हा उद्योग केला होता. प्रत्यक्षात काय घडते? रशियातील कोला द्वीपकल्पावर १९७० साली विंधन सुरू झाले आणि १९८९ साली ते १२,२६२ मीटर खोल गेले. पृथ्वीच्या ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा हा पाचशेवा हिस्सादेखील नव्हे! तेवढ्यातच तापमान १८० अंशांवर गेले आणि पुढे जाणे अशक्य झाले. आपल्या कोयनेत १९६७ साली भूकंप झाला. तेथील भूकंपांच्या अभ्यासासाठी विंधलेले पथदर्शी छिद्र २०१७ साली ३ किलोमीटर खोलीवर पोहोचले.

शिवाय भोक पाडल्याने ग्रह फुटत नाही. त्याला गुरुत्वाकर्षणाने आवळून धरलेले असते. खोलवरचे भोक तर खडकांच्या दाबानेच मिटून जाईल. पृथ्वीचे तुकडे कायमचे विखुरायचे, तर सूर्य सुमारे एका आठवड्यात जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो तेवढी ओतावी लागेल. म्हणजे गिरमिट ही केवळ वाट झाली. खरा प्रश्न त्या वाटेने खाली काय सोडणार, हा आहे. लेखकाने याचे उत्तर दिलेच पाहिजे. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा स्पर्धेला पाठवली, तेव्हापासून मराठी विज्ञानकथेने विज्ञानाशी इमान राखावे अशी अपेक्षा वाचक बाळगून आहे.

पण माझा मुख्य आक्षेप गिरमिटावर नाही, खलनायकावर आहे. विकट हास्य करीत लाल बटण दाबणारा हा गृहस्थच कथेतील सर्वांत अशास्त्रीय भाग आहे. विनाश कसा घडतो हे पाहायचे असेल तर भोपाळकडे पाहावे. तेथील कारखाना पिके वाचविणारी कीटकनाशके बनवीत होता. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. हजारो माणसे मेली. पाणी कसे शिरले यावर वाद झाले. परंतु टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती, यावर वाद नाही. राजकुमार केसवानी हे स्थानिक पत्रकार १९८२ पासून धोक्याचा इशारा देत होते. तो कोणी ऐकला नाही. कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा शहराबाहेर जायला २०२५ साल उजाडले.

मित्र म्हणाला, “अरे, कथा करमणुकीसाठी असते. तिच्यात भोपाळचे दुःख कशाला?” मला वाटते, दुःख उसने घेऊ नये, पण धडा जरूर घ्यावा. त्याचे विंधनास्त्र शस्त्र म्हणून जन्मलेच नाही, असे का नसावे? ग्रहाच्या पोटातील उष्णतेवर घरोघरी दिवे लावण्यासाठी ते बांधले असावे. खर्च वाचवायचा म्हणून त्याची थंडाई बंद केलेली असावी. देखभालीच्या नोंदवहीत रोज ‘सर्व ठीक’ असा शेरा पडत असावा. आणि त्या ग्रहावर एक केसवानीही असावा.

असे यंत्र वाचकाला अधिक भिववील, कारण ते त्याच्या ओळखीचे असेल. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या कारखान्यांत, प्रयोगशाळांत, सरकारी कचेऱ्यांत बसणार आहेत. ग्रह फोडण्याचे बटण आपल्यापुढे कधीच येणार नाही. नोंदवही मात्र नक्की येईल, आणि तिच्यात काय लिहायचे हे आपल्यालाच ठरवावे लागेल.