घराचा विमा हे शहरी खूळ नव्हे

‘वादळं कोकणात येतात, आपल्याकडे सह्याद्री आडवा आहे.’ जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत घराच्या विम्याचा विषय काढला की पहिलं उत्तर हे मिळतं. 3 जून 2020 नंतरही ते मिळतं, याचं नवल वाटतं. त्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि सह्याद्री ओलांडून आपल्या अंगावर आलं. आपल्या दोन्ही तालुक्यांत घरांचे पत्रे उडाले, कौलं फुटली, पॉलिहाउसचे सांगाडे वाकले, पश्चिम पट्ट्यात हिरड्याची झाडं उन्मळून पडली. सह्याद्री आडवा होता, तरीही हे झालं.

बरं, चक्रीवादळ रोज येत नाही, हे मान्य. पण आपल्या घरांना धोका फक्त चक्रीवादळाचा नाही. एप्रिल-मेमधला वळीव दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावाची छपरं उचलतो. वीज पडते. ओढ्याला लोंढा येतो. डोंगर खचतो. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, 151 माणसं गेली आणि गाव जागेवर नाही हे आधी कळलं ते एसटीच्या चालकामुळे. म्हणजे ज्या आपत्तींची यादी विम्याच्या कागदात असते, त्यांतल्या बहुतेक आपण या दोन तालुक्यांत एका पिढीत पाहिल्या आहेत. किनाऱ्यावरच्या माणसाला निदान हवामान खात्याचा इशारा मिळतो. वळवाला आणि दरडीला तेवढीही उसंत नसते.

दुसरं उत्तर अधिक पक्कं वाटतं: नुकसान झालं तर सरकार देतं की. देतं, पण किती देतं ते नीट पाहू. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे 2022 पासूनचे निकष असे आहेत: घर पूर्ण पडलं तर सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगरी भागात 1 लाख 30 हजार. अंशतः पडलं तर पक्क्या घराला 6 हजार 500 आणि कच्च्याला 4 हजार, तेही किमान पंधरा टक्के पडझड झाली असेल तर. घराला लागून असलेल्या गोठ्याला 3 हजार. ‘निसर्ग’च्या वेळी राज्य सरकारने खास बाब म्हणून पूर्ण पडलेल्या घराची मदत दीड लाखावर नेली, पण ती खास बाबच होती. हिरड्याच्या भरपाईसाठी तर इथल्या आदिवासी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली.

आता हे निकष एका घरावर लावून पाहा. पंचवीस बाय वीसची पडवीसह खोली, वर पत्रा. वारा वळचणीतून आत शिरतो आणि पत्र्याला खालून ढकलतो. हुक गंजलेले असले की एक पत्रा सुटतो, मग त्याच्या मागे सगळी रांग सुटते. लोखंडी अँगल पिळवटतात. पाठोपाठ पाऊस येतो आणि भाताची पोती, गाद्या, टीव्ही, फ्रीज, पोरांची दप्तरं भिजवून जातो. भिंती मात्र उभ्या राहतात, म्हणून पंचनाम्यात लिहिलं जातं ‘अंशतः नुकसान’. तलाठी चुकीचं लिहीत नाही, निकषच तसा आहे. पाचशे चौरस फुटांचं छप्पर पत्रे, अँगल आणि मजुरी धरून पुन्हा घालायचं तर आज पाऊण लाखाच्या खाली काम उतरत नाही. हातात येतात साडेसहा हजार. उरलेल्या रकमेसाठी माणूस पतसंस्थेत जातो किंवा सोनं गहाण टाकतो, आणि मग दोन-तीन वर्षं टोमॅटो-कांद्याचा पैसा त्या व्याजात जिरतो. सरकारी मदत तगून राहण्यासाठी असते, घर पूर्ववत करण्यासाठी ती आखलेलीच नाही. तिच्या भरवशावर विमा नाकारणं हा हिशेबातलाच घोटाळा आहे.

तिसरं उत्तर रागातून येतं आणि तो राग खरा आहे. ‘पीकविम्यानं काय दिलं ते पाहिलंय.’ राज्यात 2023 च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा आला, अर्ज भरले गेले, बोगस अर्जांचा गाजावाजा झाला आणि 2025 मध्ये ती योजना बंद होऊन नवी आली. शेजारच्या मंडलाला पैसे मिळाले आणि आपल्याला नाही, हे दुखणं गावोगाव आहे. पण पीकविमा बुडाला म्हणून घराचा विमाही बुडणार, असं त्यातून निघत नाही, कारण दोन्हींची रचनाच वेगळी आहे. पीकविम्यात मुख्यतः मंडलातल्या पीककापणी प्रयोगांची सरासरी बघतात. तुमच्या एकट्याच्या वावरात काही उरलं नाही तरी मंडलाची सरासरी ठीक असली तर हाती काही लागत नाही. घराच्या विम्यात सरासरीचा संबंध येत नाही. सर्व्हेअर तुमच्या दारात येतो, तुमचं छप्पर मोजतो, तुमचीच बिलं बघतो. कंपनीने अन्याय केला तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करायची, आणि दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जायचं. लोकपालाचं कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा तिथे होऊ शकतो. पीकविम्याचा राग घराच्या विम्यावर काढणाऱ्यांनी हा रस्ता एकदा तरी समजून घ्यावा.

आणि महाग पडतो म्हणावं तर तोही आक्षेप टिकत नाही. पक्क्या घराच्या साध्या पॉलिसीचा हप्ता लाखामागे वर्षाला शंभर रुपयांच्या आत बसतो, वर अठरा टक्के जीएसटी. वीस लाखांच्या घराला सगळं धरून फार तर तेवीस-चोवीसशे. दुचाकीच्या विम्याला आपण जवळपास एवढेच भरतो, कारण तिथे पोलीस विचारतो.

इथे फ्लोरिडाचं उदाहरण उपयोगी आहे. अमेरिकेतल्या या वादळी राज्यात आज अनेक मराठी कुटुंबं राहतात. तिथे बँक विम्याशिवाय गृहकर्ज देत नाही, त्यामुळे दरवर्षी कंपन्यांचे दर आणि अटी ताडून पाहणं हा घरखर्चाचाच भाग असतो. 1992 च्या अँड्र्यू वादळानंतर तिथल्या कित्येक विमा कंपन्या बुडाल्या. पुढे 2002 मध्ये राज्याला ‘सिटिझन्स’ नावाची स्वतःची विमा संस्था उभी करावी लागली. तिथल्या पॉलिसीत वादळाच्या नुकसानीचा पहिला भाग घरमालकाच्या माथी असतो, आणि तो विमा रकमेच्या टक्क्यांत मोजतात. पाच लाख डॉलरच्या घरावर दोन टक्के म्हणजे दहा हजार डॉलर आधी स्वतःच्या खिशातून. पुराचा विमा तर त्या कागदात नसतोच, तो वेगळा घ्यावा लागतो. आपल्याकडे वादळ, पूर, भूकंप, वीज, दरड, आग हे सगळं एकाच पॉलिसीत, लाखामागे शंभराच्या आत मिळतं. तिथे विमा परवडेनासा झालाय, इथे परवडणारा विमा कुणी विचारत नाही.

ही सोय आली ‘भारत गृह रक्षा’ या पॉलिसीमुळे. विमा नियामक प्राधिकरणाने 1 एप्रिल 2021 पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना हीच प्रमाणित पॉलिसी विकणं बंधनकारक केलं. कंपनी सरकारी असो की खासगी, मूळ मजकूर एकच. त्यामुळे तुलना सोपी झाली: एकच माल, मग भाव विचारायला लाज कसली? नारायणगाव, मंचर, जुन्नर, घोडेगाव इथल्या दोन-तीन एजंटांकडून एकाच विमा रकमेसाठी हप्ता लिहून घ्यावा. मात्र रक्कम एकच असली पाहिजे. एजंट रक्कम कमी धरून हप्ता स्वस्त दाखवतात आणि आपण फसतो.

ही रक्कम ठरवण्यातच सगळ्यात मोठी गफलत होते. घराची किंमत म्हणून माणूस जागेसकट बाजारभाव सांगतो, किंवा वीस वर्षांपूर्वी बांधकामाला आलेला खर्च सांगतो. दोन्ही चूक. जमीन वादळात उडत नाही, तिचा विमा नसतो. आज तेवढंच घर पुन्हा बांधायला काय लागेल, तो आकडा धरायचा. हजार चौरस फूट आणि फुटाला दोन हजार, तर वीस लाख. या पॉलिसीत ती रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी आपोआप वाढते. घरातल्या सामानाला, दागिने वगळून, इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, यादी न देता संरक्षण मिळतं. जुन्या आगविम्यात एक जाच होता: वीस लाखांच्या घराचा दहाच लाखांचा विमा असला, तर दोन लाखांच्या नुकसानीला एकच लाख मिळायचा. या पॉलिसीने तो काढून टाकला. रक्कम कमी असली तरी तिच्या मर्यादेत पूर्ण नुकसान मिळतं. ज्याला पूर्ण रकमेचा हप्ता झेपत नाही, त्याच्यासाठी ही एक अट बदलणं फार मोलाचं आहे.

काय मिळत नाही, हेही विकत घेण्याआधीच वाचलं पाहिजे. पॉलिहाउस, ट्रॅक्टर, जनावरं यांचे विमे वेगळे. कांद्याची बराखी घरापासून दूर असेल तर ती घरात धरली जाईल असं गृहीत धरू नये. ओसरीवर किराणा दुकान असेल तर अर्जात सांगितलंच पाहिजे, कारण ही पॉलिसी राहत्या घराची आहे. चोरीला संरक्षण आहे, पण ते आपत्तीनंतरच्या सात दिवसांत झालेल्या चोरीलाच. दरडीचा उल्लेख स्पष्ट आहे, परंतु भराव टाकून केलेली जमीन दबली, किंवा नव्या बांधकामाला नेहमीच्या खचण्याने तडे गेले, तर कंपनी हात वर करू शकते. डोंगरउतारावर जेसीबी लावून जागा सपाट करणाऱ्यांनी हे कलम ध्यानात ठेवावं. पुनर्वसित माळीणमध्ये 2017 च्या पहिल्याच पावसात भरावाच्या जागी काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. शिवाय बँकेने कर्जासोबत कापून घेतलेला विमा घराचाच आहे, असं धरून चालू नये. बहुतेकदा तो कर्जदाराच्या जीवाचा असतो. कागद काढून वाचावा.

विमा नको म्हणणाऱ्यांचा एकच मुद्दा मला खोडता येत नाही, आणि खोडायचाही नाही. आहुपे, तळेघर, नाणेघाटाच्या पट्ट्यातली कुडाच्या भिंतींची, गवताने शाकारलेली घरं या बाजारात बसत नाहीत. कच्च्या बांधकामाला कंपनी एक तर नकार देते किंवा दर चढवते. गावठाणातलं घर आजोबांच्या नावावर, त्यात तीन भावांचे संसार, नमुना आठवर नाव एकाचंच. अशा कुटुंबाला ‘विमा का नाही काढलास?’ असं विचारणं अन्यायाचं आहे. विमा आहे म्हणून सरकारने मदतीचा हात आखडता घ्यावा, असं कुणी सुचवलं तर मी त्याच्याही विरोधात उभा राहीन.

म्हणूनच माझी मागणी नुसती घरमालकांकडे नाही. सरकार घरकुलाचं मूळ अनुदान म्हणून सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगरी भागात 1 लाख 30 हजार देतं आणि ते घर उघड्यावर सोडून देतं. त्याच पैशाने बांधलेलं घर पुढच्या वळवात पडलं, तर पुन्हा तेवढीच मदत द्यावी लागते. घरकुल पक्कं असतं, लाभार्थ्याच्या नावावर असतं, त्याचे फोटो आणि ठिकाण सरकारदरबारी नोंदलेलं असतं. विमा कंपनीला याहून जास्त काय हवं? अशा घराचा वर्षाचा हप्ता दोनशे रुपयांच्या आत बसतो, आणि पॉलिसी दहा वर्षांपर्यंत एकदम काढता येते. घरकुलाच्या शेवटच्या हप्त्याबरोबर ही पॉलिसी लाभार्थ्याच्या हातात द्यावी आणि तिचा खर्च जिल्हा परिषदेने उचलावा. नागालँडसारखं छोटं राज्य आपत्तीचा विमा स्वतः विकत घेतं. पुणे जिल्हा परिषदेला दोन तालुक्यांच्या घरकुलांपुरतं तरी हे जड नाही. आणि कागद मराठीत हवा, कारण इंग्रजीतल्या अटी न कळल्यामुळे क्लेम नाकारला जाणं ही गरिबाची चूक नसते.

यासाठी मंत्रालयाचं दार ठोठावत बसण्याची गरज नाही. 1 मेच्या ग्रामसभेत ठराव करून तो पंचायत समितीकडे पाठवता येतो. ज्यांचं स्वतःचं पक्कं घर आहे, त्यांनी त्याच आठवड्यात नमुना आठचा उतारा, घराचे चारी बाजूंचे फोटो आणि बांधकामाचं क्षेत्रफळ घेऊन एजंटाकडे जावं. जूनचा पहिला ढग भरून येण्याआधी पॉलिसी हातात पडते.