विश्लेषण : पाऊस थांबला तरी बेसमेंट का गळते?

पुण्यातील अनेक गृहनिर्माण सोसायट्यांत जुलै उजाडला की एक ठरलेला विषय बैठकीत येतो. पार्किंगच्या बेसमेंटमध्ये भिंतीला ओल धरते, कोपऱ्यात पाणी साचते, पंप लावावा लागतो. मग वर्गणी काढून भिंतीला आतून लेप दिला जातो. पुढच्या पावसाळ्यात पाणी हातभर अंतरावरून पुन्हा आत येते. कारण दुखणे भिंतीच्या आतल्या बाजूला नसून बाहेरच्या मातीत असते.

पाऊस जास्त, म्हणून गळती जास्त?

तसे सरळ गणित नाही. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर. तरीही पुण्यातील बेसमेंट गळतात. येथे बेसाल्टचा कठीण खडक फोडून खड्डा केला जातो. त्यात बेसमेंट बांधल्यावर भिंत आणि खडक यांच्यातील जागा माती, मुरूम किंवा राडारोड्याने भरतात. हा भराव सैल असतो, भोवतीचा अखंड खडक मात्र पाणी सहजी मुरू देत नाही. त्यामुळे पावसाचे पाणी हौदात साठावे तसे भिंतीभोवती साठते. उघडीप मिळाली तरी हा हौद लगेच रिकामा होत नाही, म्हणून गळती सुरूच राहते.

काळी माती काय करते?

काळी माती पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तेव्हा पडलेल्या भेगांतून वळवाचे पाणी थेट खोलवर जाते. पुढे माती फुगून भेगा मिटतात, पण त्याबरोबर निचराही मंदावतो. फुगलेली माती भिंतीवर दाब देते, तो वेगळाच.

आतून दिलेला लेप का टिकत नाही?

पाण्याच्या दर मीटर खोलीमागे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १ टन दाब पडतो. भिंतीबाहेर ३ मीटर पाणी साठले, तर तळाशी हा दाब ३ टनांवर जातो. राफ्ट आणि भिंत यांचा सांधा, पाइपांसाठी ठेवलेली भोके, नीट न दबलेले काँक्रीट अशा कच्च्या जागांतून पाणी वाट काढते. आतल्या लेपाला ते मागून ढकलते, मग लेपाला फोड येऊन तो सुटतो. भेगांत दाबाने ग्राउट भरल्यास फरक पडतो, पण बाहेरचा हौद भरलेलाच राहिला तर पाणी पुढचा सांधा शोधते.

एवढ्याशा ओलीची चिंता कशाला?

काँक्रीटमधील सळईपर्यंत ओल पोहोचली की ती गंजते, गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट फुटते. शिवाय अनेक इमारतींत विजेचे पॅनेल आणि लिफ्टचा खड्डा तिथेच असतो.

मग करायचे काय?

आधी निदान हवे. भर उन्हाळ्यातही ओल असेल, तर संशय पाण्याच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपलाइनवर घ्यावा. गळती फक्त पावसाळ्यात असेल, तर गच्चीचे पाइप कुठे सुटतात, झाडांचे वाफे आणि पुनर्भरण खड्डा भिंतीला खेटून आहेत का, हे पाहावे. भिंतीलगत खडीत छिद्रांचा पाइप टाकून पाणी संपकडे वळवता आले, तर दाबच कमी होतो.

खरी वेळ मात्र भराव टाकण्यापूर्वीची असते. शहाबादी फरशीचे बॉक्स वॉटरप्रूफिंग असो वा मेम्ब्रेन, ते भिंतीच्या बाहेरून लागते. नंतर तिथे हात पोहोचत नाही. घर घेताना टाइल्स ठोकून पाहणारे आपण, भराव टाकण्याआधीच्या भिंतीचे फोटो मागत नाही. ते ताबा देतानाच्या कागदपत्रांचा भाग व्हायला हवेत.

रेरा कायदा, २०१६ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष कळवल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे बंधनकारक आहे. त्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात तारखेसह फोटो काढून लेखी तक्रार द्यावी. रंग मारून ओल झाकली, तर पुरावाही झाकला जातो आणि मुदतीतले एक वर्ष कमी होते.